मनगटापासून सात इंच

आक्काच्या जिभेला आणि कात्रीला सारखीच धार आहे, असं तिचा धाकटा भाऊ गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. आक्का जवळपास असेल तर जरा हळू सांगायचा. कोट शिवायचं त्यांचं दुकान होतं. भाऊ मापं घ्यायचा, गोड बोलायचा आणि मशीनवर बसायचा. कापड बेतणं, कापणं आणि सगळी हातशिलाई आक्काकडे. तिने हाताने घातलेली काजं, म्हणजे बटणांची घरं, बघायला दुसऱ्या दुकानांतले कारागीर काहीतरी निमित्त काढून यायचे आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायच्या आत निघायचे.

अशा बाईच्या उजव्या मनगटात काच घुसली. दुकानाची खिडकी वर्षभर अडकत होती, भाऊ वर्षभर "उद्या बघतो" म्हणत होता, आणि एक दिवस आक्काने वैतागून तळहाताने जोरात धक्का दिला. खिडकी काही उघडली नाही, तावदान तेवढं फुटलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून तुटलेली नस जोडली. ही रक्ताची नस नव्हे, बोटांना स्पर्श कळवणारी. टाके निघाले, जखम भरली, पण अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट पाहुण्यांसारखी हाताला येऊन बसली होती. सुई धरली की ती फक्त डोळ्यांना दिसायची. नजर हलली की सुई जमिनीवर. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा बसून सपाट झाला. एकदा इस्त्रीला बोट टेकलं, ते भाजल्याचं आक्काला वासावरून कळलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा घाबरली.

मग फिजिओथेरपी सुरू झाली. तिथली फिजिओबाई आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची आणि आक्काला पुरून उरणारी होती. तिच्या टेबलावर लाकडी खुंट्या, रबरी गोळे, धान्याने भरलेलं घमेलं आणि वेगवेगळ्या खरखरीचे कागद असायचे. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावायचा, मूठ वळायची, उघडायची, मऊ गोळा दाबायचा. आक्काला हा पोरखेळ वाटायचा.

"बोटं जिवंत कधी होणार, ते सांगा," ती म्हणाली.

"जोडलेली नस पुन्हा वाढत बोटापर्यंत जाते. महिन्याला जेमतेम एक इंच."

आक्काने पिशवीतून टेप काढली आणि तिथल्या तिथे हाताला लावली. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत सात इंच.

"एवढ्या वेळात मी गावाला कोट घालीन."

"पी हळद अन् हो गोरी, असं इथे चालत नाही आक्का. आणि एक आत्ताच सांगते. पूर्वीसारखा हात होईल असं वचन मी देणार नाही. कामापुरता करून घेऊ. तोही तुम्ही राबलात तर."

आक्काला ते झोंबलं, पण ती राबली. फिजिओबाई मनगटापासून पुढे बोटाने टकटक करत जायची. जिथे टकटक केल्यावर बोटांत झिणझिण्या उठायच्या, तिथवर नस पोचलेली. आक्का घरी येऊन त्या जागी शिंपीखडूने रेघ मारायची. खडू धुतला जायचा, ती पुन्हा मारायची.

इकडे दुकानात एका बँडपथकाच्या कोटांची ऑर्डर आली. जाड काळं लोकरी कापड, अंगरख्यासारखा लांब कोट, आणि पुढे ओळीने हाताची काजं. असं काम दुकानाने पूर्वी कधी घेतलं नव्हतं. भावाने कापून पाहिलं आणि दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. शेवटी त्याने एका जुन्या कटरमास्तरांना विचारलं. मास्तर नावाजलेले होते. त्यांची अट एकच होती: येईन तर कायमचा, आणि कापायचं टेबल माझं.

दुकानात टेबल एकच होतं. आक्का तिशीत नव्हती की दुसरं काही शिकेल, आणि मशीनवर पाय मारत मास्तरांनी कापलेलं शिवत बसणं तिला जमलं नसतं. ते टेबल गेलं तर सकाळी उठून कुठे जायचं, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. भाऊ चुळबुळत म्हणाला, "आक्का, तू सांगशील तसं."

त्याच आठवड्यात फिजिओबाईने नवीन परीक्षा घेतली. डोळ्यांवर पट्टी बांधून एकेक कापड बोटांत द्यायचं, आक्काने ओळखायचं. रेशीम. खादी. मांजरपाट. अस्तराचं सॅटिन. आक्काने एकही चुकवलं नाही. पट्टी काढली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता, की शेजारी खांद्याचा व्यायाम करणाऱ्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

आक्का तरातरा दुकानात आली आणि भावाला म्हणाली, "मास्तरांना नाही म्हणून कळव." त्याने लगेच कळवलं. संध्याकाळी भावजयीने काहीतरी गोड केलं.

फिजिओबाईला मात्र ते पचेना. टकटक केल्यावर झिणझिण्या उठायची जागा अजून बोटांच्या बुडाशीच होती. नस अर्ध्या वाटेवर आणि टोकाला रेशीम कळतं? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं? पुढच्या वेळी तिने डोळ्यांवर पट्टी बांधली आणि आक्काच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले.

आक्काने रेशमाला लोकर म्हटलं. लोकरीला सुती. सॅटिन हातात आहे हेच तिला कळलं नाही, ती म्हणाली, "द्या की."

फिजिओबाईने बोळे काढले. "तुम्ही कापड बोटांनी ओळखत नव्हता. कानांनी ओळखत होता. जन्मभर ऐकलंय ना, रेशीम कसं सरसरतं आणि मांजरपाट कसा वाजतो. दुसऱ्या कुणाला ही लबाडी जमली नसती."

"मी लबाडी नाही केली," आक्का म्हणाली. आणि ते खरंच होतं. तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तोंडात मारल्यासारखी ती बाहेर आली.

रस्ताभर तिच्या मनात एकच विचार होता. गप्प बसलं तर? मास्तरांना नकार कळवलाय. भाऊ विश्वास ठेवतोय. टेबल आपलंच राहील. पण मग ते काळं कापड पुढ्यात येईल, कात्री चालवावी लागेल, आणि बँडची माणसं वाकड्या कोटांत उभी राहतील. आपल्या हातचा वाकडा कोट रस्त्यावर दिसणं आक्काला मरणाहून वाईट वाटत होतं.

दुकानात शिरल्याशिरल्या ती म्हणाली, "मी पास नाही झाले. नापास आहे. मास्तरांना या म्हण."

भावाने मशीन थांबवलं. तो "ती खिडकी..." एवढंच म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला.

"खिडकीचं नंतर रड. आधी मास्तरांना गाठ."

मास्तर मानी निघाले नाहीत, पण आहेत तिथला हंगाम संपल्याशिवाय त्यांना येता येणार नव्हतं. तीन महिने. बँडवालेही तेवढं थांबायला तयार झाले. म्हणजे आक्काला तीन महिने मिळाले आणि बोटाची शेवटची तीन इंच वाट उरली होती.

त्यानंतर घरात आक्का कानांत कापूस घालूनच वावरायला लागली. तिच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ती उत्तर देई ते शेजारच्या घरात ऐकू जाई. भावजय उशीच्या अभ्र्यात चिंध्या भरून द्यायची. आधी बघून हात फिरवायचा, मग डोळे मिटून तीच चिंधी, मग पुन्हा उघडून. फिजिओबाईने बजावलं होतं की नस पोचली तरी निरोप चुकीच्या घरी जातील, मेंदूला नव्याने शिकवावं लागेल. झालंही तसंच. तर्जनीला हात लावला की मधल्या बोटाला कळायचं. मखमल वाळूसारखी लागायची. आक्का चिडून अभ्रा भिरकावायची, आणि भावजय तो उचलून शांतपणे पुन्हा पुढ्यात ठेवायची.

"वन्सं, पुन्हा."

"तुझं बरं आहे, तुला नुसतं पुन्हा म्हणायचंय."

"ऐकू येतं वाटतं. कापूस नीट घाला."

एक दिवस टाचण्यांची डबी आवरताना आक्का ओरडली. भावजय धावत आली, तर आक्का बोटावरचा रक्ताचा थेंब बघत हसत होती. "बोचलं गं. चांगलं बोचलं." आधी दुखणं परत येतं, मग ऊन-गार, आणि बारीक स्पर्श सगळ्यात शेवटी, असं फिजिओबाई म्हणाली होती. त्या दिवसापासून खडूची रेघ पुढे सरकली की नाही हे आक्का बघेनाशी झाली. तिने सुई उचलली ती खाली ठेवलीच नाही. रोज जुन्या कापडावर काजं घालायची. पहिली काजं इतकी बेढब होती, की तिने ती स्वतःच चुलीत घातली. पुढची भावजयीने लपवून ठेवली.

ठरल्या दिवशी मास्तर आले. सडपातळ, पांढऱ्या मिशांचे, काखेत कापडात गुंडाळलेली स्वतःची कात्री. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग टेबलामागे उभ्या असलेल्या आक्काकडे.

"बाई, तुमचा भाऊ म्हणतो हात गेला. मला स्वतः बघू द्या. चालत्या हाताखालचं टेबल मी घेत नाही, आमच्यात तसं करत नाहीत. या काळ्या कापडावर एक काज घाला."

भाऊ म्हणाला, "मास्तर, राहू द्या, तिला उगाच..."

"तू गप," आक्का आणि मास्तर एकदमच म्हणाले.

आक्काने कापडाला चीर दिली. रेशमी दोरा ओवला. तो दोनदा हुकला, तिसऱ्यांदा गेला. मग ती बसली. काजाची शिलाई म्हणजे चिरेच्या काठाने एकीला एक लागून बारीक गाठी. प्रत्येक गाठ अंगठा आणि तर्जनीत धरून सारख्याच ताणाने बसवायची. काळ्यावर काळा दोरा, डोळ्यांना काही दिसत नाही. सगळी भिस्त बोटांवर. आक्काचा हात पूर्वीपेक्षा सावकाश चालत होता. कपाळावर घाम होता. भावजय मशीनच्या चाकावर हात ठेवून उभी होती.

शेवटची गाठ मारून आक्काने दोरा तोडला. मास्तरांनी चष्मा लावला, काज उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. "स्वच्छ आहे," ते म्हणाले. भावाने सुटकेचा श्वास सोडला.

"आणा इकडे," आक्का म्हणाली. तिने डोळे मिटले आणि काजाच्या काठावरून तर्जनी हळूच फिरवली. मध्यावर बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा थांबलं. "इथे एक गाठ सैल आहे."

मास्तरांनी पुन्हा पाहिलं. दिसेना. मग चष्मा काढून त्यांनी स्वतःचं बोट त्याच जागी फिरवलं, आणि त्यांची मिशी हलली.

"आहे," ते म्हणाले.

आक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आजवर तिने असंख्य काजं घातली, पण कामात चूक निघाल्याचा असा आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता. तिचं बोट, तिचं स्वतःचं बोट, एक सैल गाठ शोधून आलं होतं. तिने पदराला डोळे पुसले आणि ती गाठ उसवायला घेतली.

मास्तरांनी आपली कात्री पुन्हा कापडात गुंडाळली आणि तिथलं स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. "कोट बरेच आहेत म्हणे. एकटीला जड जाईल. कापायचं तुमचं, काजं निम्मी माझी. हंगामापुरता आलो असं समजा."

"निम्मी नाही," आक्का सुईवरची नजर न काढता म्हणाली, "पाव. आणि प्रत्येक काज मी हात फिरवून बघणार."

भाऊ कापडाचा तागा आणायला आत पळाला.