अडीच कोयते

उमाबाईंनी यशोधराच्या वेणीची रिबीन सोडली आणि पुन्हा बांधली.

"बाई, डोकं दुखायलंय," पोरगी म्हणाली.

"दुखू दे. आत गेल्यावर नीट बोलायचं. मला शिकायचंय, म्हणायचं."

"मी जाते की मामासंगं."

उमाबाईंचा हात थांबला. किराणा दुकान नवऱ्याच्या गळ्यात घालून त्या दर गुरुवारी बीडच्या या बालगृहात स्वखुशीनं यायच्या. या आईबाप नसलेल्या पोरीला गणित शिकवायच्या, तिच्यासाठी शाळेत भांडायच्या. पोरगी नववीत पोचली. आणि आठवड्यापासून तिचं एकच पालुपद: मी जाते. का, ते सांगत नव्हती.

आत बालकल्याण मंडळाच्या टेबलापुढं सिरसाळ्याचा मामा शहादेव बसला होता. चेहरा असा गरीब, की देवानंच याच्याकडून शिकून घ्यावं. उमाबाईंची छाती मात्र इतकी धडधडत होती, की रस्त्यापलीकडच्या एसटीडीवाल्यानं आपलाच फोन वाजतोय म्हणून रिसीव्हर उचलला असता.

अध्यक्षबाई कोकणातल्या, बीडला नव्याच.

"भाचीला नीट सांभाळाल?"

"लेकीवानी. खायाप्यायाला कमी न्हाई."

"मुली, तुझी इच्छा?"

"जाते," यशोधरा फरशीकडं बघत म्हणाली.

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. उमाबाईंना रात्रभर घोकलेलं भाषण आठवेना. तोंडातून आलं ते दुकानातलं बोलणं.

"दादा, औंदा ऊसतोडीला कुठल्या कारखान्याला?"

"सांगलीकडं."

"लई लांब! घरचे कोयते किती?"

शहादेव खुलला. "अडीच, बाई. मी आन् मालकीन एक, थोरला आन् सून एक. आमच्या बाळूचा तेवढा अर्धा. अर्ध्याला मुकादम इचारीत न्हाई. ही आली की तीन पुरे."

"अर्धा म्हणजे मोडका?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

कारकून बद्रीनाथला एकदम खोकला आला.

"न्हाई बाईसाहेब," उमाबाई म्हणाल्या, "बिनलग्नाचा. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात."

शहादेवच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. अध्यक्षबाईंनी पोरीकडं पाहिलं, तिच्या रिबिनीकडं पाहिलं.

"मुलगी इथंच राहील."

मामा भांडेल म्हणून उमाबाईंनी पदर खोचला होता. पण त्यानं नुसती टोपी झटकली.

"ऱ्हाऊ द्या मग तुमच्यापाशी," म्हणाला आणि स्टँडच्या दिशेनं निघून गेला.

व्हरांड्यात उमाबाईंना हसू आवरेना. पुढच्या गुरुवारी पोरींना सांगायची गोष्ट आताच फुगू लागली होती. तीत शहादेवचे दहा कोयते झाले होते आणि बद्रीनाथ खोकून खुर्चीवरून पडला होता.

यशोधरा गज धरून रस्त्याकडं बघत उभी होती.

"अगं, रडतेस कशाला? सुटलीस की."

"मी सुटले," पोरगी म्हणाली. तिनं स्टँडकडं बोट केलं. "बाई, माझी धाकटी बहीण मामाकडंच हाय."

उमाबाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"कधी बोलली नाहीस! केवढी आहे?"

"तेराची. पर थोराड दिसती."

मागं बद्रीनाथ मंडळाच्या खोलीला कुलूप घालत होता.

"थांबा हो, थांबा!" उमाबाई ओरडल्या आणि पोरीचं मनगट धरून आतल्या बाजूला पळाल्या. "नाव सांग तिचं. लवकर."