शिंपीच्या मापानं

सुगंधाबाई तो नवस बोलली तेव्हा मला हसू आलं होतं, हे आधी कबूल करते. देवघरातल्या कानबाईच्या नारळापुढं पदर पसरून ती म्हणाली, "माय, माहा चिंधा पाच शेर भरत नही तवलोक मी पन शिंपीनंच पानी पिईन. तांब्याले तोंड लावनार नही."

मी ती शिंप. तापीच्या पात्रातली, तळहाताएवढी, आतून पांढरी आणि कडेला जराशी जांभळी. माझ्यात मोती नव्हता. माणसं नदीवर येतात, शिंपा उघडून बघतात, मोती नसला की थुंकून फेकून देतात. जणू आम्ही त्यांना शब्द दिला होता. तेव्हापासून माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही.

सुगंधाबाईचा बाप नदीच्या वाळूत डांगराची वाडी करायचा. त्यानं मला उचललं, माझी कड दगडावर घासून गुळगुळीत केली आणि आपल्या पाच पोरांना माझ्यातूनच घुटी पाजली. सुगंधा लग्न होऊन असोद्याला आली तेव्हा मी तिच्या ट्रंकेत चोळीच्या घडीत होते. इथं मला दुधाच्या पातेल्याची खरवड काढायला लावलं. भटू झाला, अभिमन झाला, दोघंही अंगावर पिऊन फुगले. माझी आठवण कुणाला झाली नाही.

मग बावन्न-त्रेपन्न सालच्या फाल्गुनात तिसरा झाला. वरचा ओठ मधोमध दुभंगून नाकपुडीपर्यंत गेलेला, आत टाळूलाही फट. अंगावर घेतलं तरी त्याला ओढता येईना. घोटभर दूध तोंडात गेलं तर अर्धं नाकातून बाहेर. दृष्ट लागू नये म्हणून त्याचं नाव चिंधा ठेवलं. फाटक्या नावाकडं यमही बघत नाही म्हणे. यमाला इतका खुळा समजणारी जात मी दुसरी पाहिली नाही.

बघायला बायका आल्या. हातात गुळाचा खडा आणि डोळ्यांत जत्रा. पाळण्यापर्यंत जायचं, टोपरं सारायचं, "अव माय" म्हणायचं आणि वळून बाळंतिणीला विचारायचं, पौषातल्या ग्रहणात विळीवर बसली होती का? सुगंधाबाई सांगायची, त्या दिवशी मी गोधडी घेऊन पडून होते, कूससुद्धा बदलली नाही. मग त्या एकमेकींकडं बघून मान हलवायच्या. उत्तर घरूनच घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही काय सांगणार?

यांच्यात वरचढ होती तिची जाऊ, मंजुळाबाई. एकाच घरात राहणारी, सगळ्यांच्या अडीअडचणीत पुढं, आणि प्रत्येक अडचणीत थोडी जास्त खूश. तिनं जळगावहून चांदीचं बोंडलं आणलं. सगळ्या गल्लीला दाखवत आणलं. नळी ओठाला लावून दूध सोडलं, पोर काळंनिळं झालं, ठसक्यानं दूध डोळ्यांपर्यंत उडालं. मंजुळाबाई म्हणाली, "बोंडल्यात खोट नही, पोराच्या तोंडात खोट शे." चांदीला नाक-तोंड कळत नाही, हे मी समजू शकते. मंजुळाबाईला दोन्ही होती.

जीवराम, म्हणजे पोराचा बाप, या दिवसांत केळीला पाणी देत होता. जगातली सगळी केळी जणू एकट्या त्याच्यावर सोपवली होती. घरात आला की पाळण्याला पाठ करून बसायचा. शेवटी सुगंधाबाईनंच त्याला उठवलं आणि दोघं पोराला घेऊन धुळ्याच्या एका दवाखान्यात गेले.

तिथले डॉक्टर मोजकं बोलणारे. म्हणाले, ओठ शिवता येतो, पुढं टाळूही शिवता येईल. पण हे पोर पाच पौंडांचं आहे, दहा पौंड भरल्याशिवाय मी सुई धरणार नाही. भुलीतून ते परत येणार नाही. दहा पौंड म्हणजे आपले जवळजवळ पाच शेर. जीवरामनं ग्रहणाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, ओठ सांधायचा तो दुसऱ्या महिन्यात सांधतो, तुमचं ग्रहण नवव्या महिन्यातलं. बाईचा काही दोष नाही. जीवरामनं घरी येऊन हे सांगितलं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विळीचा विषय काढला.

तर पाच शेर. तेवढं भरलं तर ओठ शिवला जाणार आणि पोर जगणार. नाहीतर पावसाळ्यातल्या पहिल्या खोकल्यात जाणार, हे कुणी बोलत नव्हतं, पण शेजारची भागाबाई पोराच्या दुपट्यांसाठी ठेवलेली जुनी लुगडी मागायला आली तेव्हा तिच्या नजरेत ते होतं.

नवस पुष्कळ झाले. नारळांचे, गुळाचे, चांदीच्या ओठाचे. मंजुळाबाईनं तर पोराइतका गूळ वाटायचा नवस बोलून टाकला आणि वर म्हणाली, "स्वस्तात सुटीन मी, दोन-अडीच शेरात." लोक हसले. नवस मी जन्मभर ऐकत आलेय. माणूस देवाशी बोलतानासुद्धा भाजीबाजार सोडत नाही.

म्हणून सुगंधाबाईचं ऐकून मला हसू आलं. पोराच्या पोटात दूध जाईना, आणि ही चैत्राच्या उन्हात शिंपीनं पाणी पिऊन देवीला काय देणार होती?

पहिल्या दिवशी तिनं मला राखेनं घासलं आणि माठापाशी बसली. एक शिंप, दोन शिंपा, वीस शिंपा. खानदेशातलं ऊन तुम्हाला माहीत आहे; घसा ओला व्हायच्या आत सुकतो. तहान काही भागेना. भटू बाजूला बसून मोजायचा आणि शंभरावर आकडा चुकायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, जीवरामची बायको चिमणीसारखी पाणी पिते, उद्या घरटंही बांधेल.

चौथ्या की पाचव्या दिवशी ती थकून आडवी झाली आणि पडल्यापडल्याच मला तोंडाला लावलं. पाणी सरळ घशात गेलं, तिथून नाकात. ठसका थांबेना, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, झाला नवस. पण ती उठून बसली आणि कितीतरी वेळ पाळण्याकडं बघत राहिली. मग तिनं पुन्हा आडवं होऊन एक शिंप घेतली, पुन्हा ठसका. मग बसून घेतली. मग मान जराशी पुढं झुकवून, कड गालाच्या कोपऱ्याला टेकवून घेतली. गेली. मग घाई करून लगेच दुसरी घेतली, अडकली. थांबून घेतली, गेली.

तिनं चिंध्याला उचललं. आजवर त्याला सगळ्यांनी मांडीवर आडवं पाजलं होतं. सुईणीनं, मंजुळाबाईनं, तिनं स्वतः. पोरांना असंच पाजतात, म्हणून. तिनं त्याला उभं धरलं, पाठीला हात दिला, माझी कड फटीपासून लांब, गालाला टेकवली आणि थेंब थेंब सोडलं. गिळलं की थांबायचं. श्वास घेतला की पुढची. नाकातून आलं, पण थोडंसं. बाकीचं पोटात गेलं. पोरानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. मी नजर चुकवली.

त्या दिवसापासून मी सुगंधाबाईला हसले नाही. बाकीच्यांना हसायचं सोडलं असंही नाही.

पुढचे महिने असे गेले: त्याला एक शिंप, तिला एक शिंप. अशी बैठक दिवसातून सोळा वेळा, वीस वेळा. अभिमनला कौतुक वाटायचं; तोही मधे तोंड उघडून बसायचा आणि एखादी शिंप मिळवायचा. दर शनिवारी शालिग्राम वाण्याच्या दुकानात चिंध्याला तागडीत ठेवायचे. अडीच शेर, तीन शेर, सव्वातीन. दुकानातली माणसं बटाट्यांचा भाव विचारता विचारता पोराचंही वजन विचारून घ्यायची.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. तान्हा असला तरी त्याची मूठ काढायचीच. थोरली म्हणून मंजुळाबाई सुपासमोर बसली. नवऱ्याची मूठ, तिच्या दोन मुलांची, जीवरामची, भटूची, अभिमनची. आणि हात झटकून ती उठू लागली.

सुगंधाबाई म्हणाली, "अक्का, चिंधा राहिला."

"औंदा राहू दे," मंजुळाबाई अगदी मायेनं म्हणाली. "व्हट सांधला का पुढच्या साली धरू. मोजेल मानूस कमी झालं त रोटाले दोष लागतो."

पोर मांडीवर होतं, पावणेचार शेराचं, आणि हिनं त्याला वजा करून टाकलं होतं. सुगंधाबाईचा हात माझ्यावर घट्ट झाला. तिला उलट बोलता येत नाही, कधीच आलं नाही.

भटू सुपाजवळ आला. सात वर्षांचा, चड्डीची नाडी लोंबणारा. म्हणाला, "मंग माही पन नको धरू, मोठी माय."

"माही पन," अभिमन म्हणाला.

"मंग खासान काय रे तुम्ही?"

"चिंधा खाईन ते."

मंजुळाबाई हसली. आणि मग दारात बैलाचा दोर घेऊन उभा असलेला जीवराम, धुळ्याचं सांगून झाल्यापासून केळीखेरीज कशावर न बोललेला, म्हणाला, "मूठ धरा, वहिनी. नही त माही पन काढा त्यातून."

तिनं मूठ धरली. इतकी आवळून धरली की आत किती दाणे मावले असतील ते कानबाईलाच ठाऊक. देवीच्या धान्यातही जिचा हात आखडतो, तिच्याविषयी मी आणखी काय बोलू?

कार्तिकात शालिग्रामच्या तागडीत चिंधा पाच शेर भरला. वर बोटभर पारडं खालीच. सुगंधाबाईनं तिथंच हात जोडले. पण तांब्या घेतला नाही. म्हणाली, डॉक्टरांनी मोजल्यावर. जळगावहून चाळीसगाव, तिथं गाडी बदलून धुळं. फलाटावर ती माझ्यातून पाणी प्यायली तेव्हा सगळा डबा खिडक्यांतून बघत होता.

धुळ्याच्या काट्यावर भरले सव्वानऊ पौंड.

डॉक्टरांनी दोनदा मोजलं. शालिग्रामचा पाच शेरांचा दगड पाच शेरांचा नव्हता. वर्षानुवर्षं साऱ्या असोद्याला कमी साखर देणारा दगड. त्यानं माझ्या पोरालाही लटकंच वजन दिलं होतं. माझ्या म्हटलं का मी? असू द्या.

डॉक्टर म्हणाले, महिन्यानं या. सुगंधाबाई म्हणाली, इथंच पाजते, जागा द्या. दवाखान्याच्या ओसरीत जागा मिळाली. तिथली आया यशोदाबाई, धुळ्याकडची, येता-जाता बघायची. एकदा न राहवून तिनं कारण विचारलं, "पोऱ्या पेस ते समजनं. तू काबर शिंपमा पेस?"

"त्याचा घसा मले समजतो मंग," सुगंधाबाई म्हणाली.

यशोदाबाई आत गेली आणि स्वतःच्या वाटणीचं गरम दूध घेऊन आली. मी आयुष्यात पाहिलेल्या माणसांत जिच्याविषयी मला वाईट बोलता येत नाही अशी ही दुसरी बाई.

बाराव्या दिवशी काटा बघून तीच म्हणाली, "भरनं वं माय. दहाना वर शे."

चिंध्याला आत नेलं. यशोदाबाईनं पाण्याचा भरलेला तांब्या आणून ठेवला. सुगंधाबाईनं त्याला हात लावला नाही. दार उघडलं, पोर बाहेर आलं, ओठावर काळे टाके, आणि रडलं. मग तिनं तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि जोराचा ठसका लागून सगळं पाणी लुगड्यावर सांडलं. सात महिन्यांत ती मोठा घोट घ्यायचंच विसरली होती.

टाळूचे टाके दोन वर्षांनी पडले. आता साठ साल आहे. चिंधा सात वर्षांचा झाला, थोडं नाकात बोलतो, भावांशी मारामारी करतो आणि मारामारीत जिंकतो. मंजुळाबाई पाहुण्यांना सांगते, माझ्या चांदीच्या बोंडल्यानं हे पोर जगलं. पाहुणे मान हलवतात. ग्रहणाच्या वेळी हलवली होती तशीच.

मी आता नशिराबादला आहे, बेबाबाई नावाच्या एका बाळंतिणीच्या घरी. अशीच पोरं पाजत फिरतेय; असोद्यापासूनचं हे चौथं घर. माझी कड एके ठिकाणी उडाली आहे. बेबाबाईचं पोर सातव्या महिन्यात झालं, ओढायची ताकद नाही. घरच्यांनी एकशे एक नारळ बोलले आहेत. सुगंधाबाईनं मला देताना सगळं समजावून सांगितलं होतं, पण बेबाबाईच्या सासूनं मधेच "हो हो, कळलं" म्हटलं. आज सकाळी पोराला आडवं घालूनच पाजलं. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

तुमच्यापर्यंत पोचतोय, म्हणून मागते. नारळ बोला, गूळ बोला, मी अडवत नाही. पण तुमच्या घरात कुणी आजारी, कुणी अधू, कुणी मोजका घास गिळणारं असेल, तर सुगंधाबाईसारखा एक नवस तुम्हीही बोला: त्याला बरं वाटेपर्यंत त्याच्याच मापानं पाणी प्यायचा. आणि नशिराबादच्या बाजूला जाणं झालं तर बेबाबाईला एवढं सांगा. मात्र सांगण्याआधी निदान एक दिवस स्वतः शिंपीनं पाणी पिऊन जा. नाहीतर तुमचं सांगणं आणि मंजुळाबाईचं सांगणं, मला तरी सारखंच ऐकू येईल.