कढीपत्ता म्हणजे काय?

बिडकीनच्या रस्त्याला गोकुळ आणि सुरेखाची नर्सरी होती. माती, खत, पाणी गोकुळकडं. गिऱ्हाइकाशी बोलणं सुरेखाकडं. कुणाच्या अंगणात काय धरंल, काय शोभंल, हे ती अशी रंगवून सांगायची की एका रोपासाठी आलेला माणूस चार रोपं घेऊन जायचा.

एकदा सांडू नावाचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, कढीपत्त्याचं एक रोप द्या," आणि सुरेखानं विचारलं, "कढीपत्ता म्हणजे काय?" तेव्हा ती थट्टा करतीय असं वाटून सांडू हसला. गोकुळही हसला. मग त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. उत्तराची वाट बघत होती.

"अगं, फोडणीत टाकतीस की रोज."

"फोडणी व्हय. पण ते... काय म्हणलात तुमी?"

पुढं हे वाढतच गेलं. तगर, शेवंती, मोगरा आधी "फुलझाडं" झाली, मग नुसती "झाडं". अडखळणं मात्र अजिबात नव्हतं. पहिल्यासारखीच ती घडाघडा बोलायची, फक्त त्यातून एकेक नाव गळायचं. "ते तिकडलं आणा की, त्याला ते लागतंय." काल कोण आलं, काय बोललं, हे तिला बरोबर आठवायचं. गोकुळला तेच कळंना. विसरभोळी म्हणावं, तर ती विसरत कुठं होती?

शहरातल्या दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. मेंदूचा एक भाग हळूहळू झिजतोय, ही झीज थांबवणारं औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि उजमाकडं पाठवलं. उजमा वाचा आणि भाषेच्या पेशंटांबरोबर काम करायची. तिनं सुरेखाला चित्रं दाखवली. गाय बरोबर आली. शेळीला सुरेखा "कुत्रं" म्हणाली, मोराला "पाखरू". साळिंदराला म्हणाली, "असंल कसलं तरी जनावर."

"नाव जिभंवर येत नाय, असं माझं पण हुतंय कधी कधी," गोकुळ उजमाला म्हणाला. "तसंच का हे?"

"नाही काका. तुमचं नाव अडकतं, पण चीज डोक्यात असते. काकूंना 'शेळी' म्हटलं, तर त्यांच्यासमोर शेळी उभीच राहत नाही. शब्दाचा अर्थच पुसला जातोय."

"मग कढीपत्ता पार गेला म्हणायचा?"

"ते बघायला पाहिजे. नाव विचारू नका, चीज हातात द्या. अन् काय होतंय ते मला सांगा. मलाही जाणून घ्यायचंय."

घरी येताच गोकुळनं कढीपत्त्याची एक डहाळी तोडून सुरेखाच्या हातात दिली. तिनं पान चुरगाळलं, हुंगलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. कढई ठेवली, तेल ओतलं, मोहरी तडतडल्यावर पानं टाकली. गोकुळ पुढं झाला.

"ह्याला काय म्हणत्यात गं?"

"ह्याला?" तिनं पानं परतली. "ह्याला बाजूला व्हा म्हणत्यात. तेल उडंल."

तेव्हापासून एकेक वस्तू तिच्या हातात देऊन बघायचा गोकुळला नादच लागला. लिंबाचं पान हुंगलं की ती ओठ मुडपायची. कलम बांधायची पट्टी हातात आली की बोटं झरझर चालायची. स्वतःची जुनी कात्री ती ओळखायची, पण दुकानातून नवी आणून दिली तर उलटसुलट करून परत द्यायची. शब्द ज्या वाटेनं गेले, त्याच वाटेनं आता वस्तूही निघाल्या होत्या; रोज तिचा हात लागणाऱ्या तेवढ्या मागं रेंगाळत होत्या.

एकदा त्यानं हट्टानं नावं पाठ करून घेतली. दुसऱ्या दिवशी तिनं गुलाबालाच मोगरा म्हटलं. "नीट बघ की!" तो खेकसला.

"येडी समजता का मला?" म्हणून ती रडली. गोकुळनं नावं पाठ करून घेणं सोडून दिलं.

उजमाला त्यानं फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग रोजचं काम त्यांच्या हातातून सुटू देऊ नका." गोकुळनं गिऱ्हाईक आपल्याकडं घेतलं आणि सुरेखाला रोपांत ठेवलं. त्याला रंगवून बोलता येत नव्हतं. धंदा निम्म्यावर आला. ती मात्र पिशव्या भरताना गुणगुणायची.

थंडीत एका सकाळी तिची हाक आली, "अवं, इकडं या! केवढं लाल! कुणी लावलं हे?"

नर्सरीच्या फाटकापाशी ती जास्वंदीसमोर उभी होती. नर्सरी सुरू केली तेव्हा तिनंच लावलेलं झाड. गोकुळ जवळ गेला.

"तूच लावलंस."

"मी?" ती खळखळून हसली. "काय पण सांगता! मी तर आजच बघतीय."

फूल तोडून तिच्या केसांत माळावं म्हणून त्यानं हात पुढं केला. तिनं तो धरला.

"राहू द्या. नीट बघू द्या मला."

फुलातून बाहेर आलेल्या लांब तुऱ्याला तिनं हलकेच बोट लावलं. बोट पिवळं झालं. ते डोळ्यांजवळ नेऊन ती म्हणाली, "हे कशाला असतंय इथं?"

आयुष्यभर ही झाडं विकूनही गोकुळनं ते कधी इतक्या जवळून बघितलंच नव्हतं. तिच्या शेजारी वाकून तोही बघू लागला.