मागच्या फळीवरचे स्पीकर

महिपतीने डॅशबोर्डाच्या कप्प्यातली फडकी, पाना, उदबत्तीचा पुडा असं सगळं काढून सीटवर ठेवलं आणि रिकाम्या कप्प्यात हात घालून वितीने माप घेतलं. मग केरसुणीचा एक हीर त्या मापाचा मोडला आणि सदऱ्याच्या खिशात खोचला. दारातून त्याच्या बायकोने, गोजरबाईने त्याला हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी ती अंगणात उतरली आणि गाडीच्या काचेपुढे, अगदी त्याच्या तोंडासमोर येऊन उभी राहिली.

"च्या गार झाला की!" ती ओरडली.

"आज दुकानात तू बी यायचंस," तोही तेवढ्याच मोठ्याने म्हणाला.

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"मला तरी कुटं कळतंय? पर गाण्यातलं बाईमाणसाला बरं कळतं. मशीन मी बगतो. तू नुसतं ऐकायचं, आन् कुटलं चांगलं त्ये सांगायचं."

गोजरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मान हलवून आत गेली. ह्या घरात साधं बोलणंही भांडणासारखं ऐकू येतं, असं शेजारी म्हणत. दोघांनाही त्यात वावगं वाटत नसे.

महिपतीची उमेदीची सगळी वर्षं गिरणीत मागावर गेली होती. शेकडो माग एकदम चालत, तिथे माणसं तोंडाच्या हालचालीवरून एकमेकांचं बोलणं ओळखत. गिरणी सोडल्यावर कळलं, की ती सवय आता बाहेरही लागणार आहे. भोंगा, मोटारीचा हॉर्न, ढोल हे त्याला ऐकू येई. माणसांचं बोलणं मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखं येई. गिरणीतून मिळालेल्या हिशेबाच्या पैशांत त्याने जुनी अँबॅसिडर घेतली, आणि सोलापूर-अक्कलकोट भाडं मारू लागला. मागच्या सीटवरच्यांचे ओठ दिसावेत म्हणून त्याने आरसा खाली वळवून घेतला होता. घरात त्याने हे कधी उघड सांगितलं नव्हतं. गोजरबाई नेहमी समोर येऊन, ओरडून बोले. ती समजून होती आणि विषय काढत नव्हती, एवढ्यावर तो तिचा मनातून ऋणी होता.

पण मागच्या महिन्यात एका मास्तरांनी कुंभारीला उतरायचं म्हणून मागून सांगितलं. त्यांच्या तोंडावर उन्हासाठी उपरणं होतं. गाडी कुंभारीवरून पुढे गेली. मास्तर भडकले, खांदा हलवून म्हणाले, "ऐकायला येत नाही का? लायसन कुणी दिलं तुम्हाला?" बाकीचे उतारू एकमेकांकडे बघू लागले. पुढच्या गुरुवारी त्यातले दोघे, महिपती हात करत असताना, अड्ड्यावरच्या दुसऱ्या भाडेवाल्याच्या, येडूच्या गाडीत जाऊन बसले.

येडूच्या गाडीत टेप होता. अक्कलकोटला जाणारी माणसं गाडीची काच, सीट, काही बघत नसत. गाणं वाजतंय म्हणून आत शिरत. अड्ड्यावर उभ्या महिपतीला आणखी एक गोष्ट दिसली. त्या गाडीत गाणं लागलं, की सगळेच उतारू ओरडून बोलत. येडूही दोनदोनदा विचारी, "काय म्हन्ला?" आणि त्याला कुणी लायसन विचारत नसे.

त्या दिवशी महिपतीने ठरवलं, टेप बसवायचा.

दुकान गुरुलिंग नावाच्या माणसाचं होतं. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, आता गाड्यांना टेप बसवायचा आणि लोकांना हवी ती गाणी कॅसेटवर भरून द्यायचा. महिपती आदल्या दिवशी एकटाच जाऊन आला होता. गुरुलिंग फळीवरून डबे काढत, पाठमोराच बोलत राहिला. महिपती "व्हय, व्हय" करत राहिला. एकदा गुरुलिंगने वळून पाहिलं आणि बाकावरची माणसं हसली. गुरुलिंगने विचारलं होतं, गाणी मराठी हवीत का कानडी, आणि महिपतीने त्यालाही व्हय म्हटलं होतं. महिपती तसाच पायऱ्या उतरला होता. घरी जाताना त्याने मनाशी म्हटलं होतं, उद्या परत यायचं.

आज तो गोजरबाईला घेऊन आला, आणि बाकावर न बसता गुरुलिंगच्या समोर, गल्ल्याला हात टेकून उभा राहिला.

"मालक, मी ह्यातला नवशिका हाय. घाई करू नगा. माज्याकडं तोंड करून, पोराला शिकवावं तसं सांगा."

गुरुलिंग हातातला डबा ठेवून समोर बसला. "बरं, विचारा की."

"ह्ये मशीन गाडीच्या बॅटरीवर चालतंय?"

"चालतंय की. मशीन फुडं, डॅशबोर्डात. आवाज निगतो तो स्पीकरमधनं. त्ये मागं, सीटच्या पाटीमागं फळी हाय न्हवं, तितं."

"ह्यात बसंल?" महिपतीने खिशातला हीर काढला.

गुरुलिंगने तो एका मशीनवर आडवा धरला, दुसऱ्यावर धरला. दोन मशीनं बाजूला काढून ठेवली. एक आखातातून कुणी आणलेलं, चकचकीत, त्याला हिरवा दिवा आणि बटणांची रांग. दुसरं काळं, साधं, फिरवायच्या दोन खुंट्यांचं.

"हिरव्या दिव्याचं लोक लई मागत्यात," गुरुलिंग म्हणाला.

महिपतीने डोळे मिटले आणि चकचकीत मशीनवर हात फिरवला. सगळी बटणं बोटांना सारखीच लागली. मग काळ्याच्या खुंट्या चाचपल्या. एक मोठी, एक बारकी.

"गाडी चालवताना मला रस्ता सोडून खाली बगता येनार न्हाय," तो म्हणाला. "ह्येच काढा. आता स्पीकर लावून दावा. बारके बी, मोठे बी."

गुरुलिंगने एका बॅटरीला तारा जोडल्या आणि आधी बारके स्पीकर लावले. कुणा बाईचं गाणं सुरू झालं. बाकावरच्या एकाने मांडीवर ताल धरला. महिपतीच्या कानाशी गाणं आलं, पण जणू गोणपाटातून; शब्द बाहेरच राहिले. त्याने गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाई त्याच्याकडेच पाहत होती.

गुरुलिंगने तारा बदलल्या. मोठे स्पीकर लागले तसा गल्ल्याच्या लाकडातून महिपतीच्या तळहातात ठोका आला. ढोलकी होती. त्याच्या भुवया वर गेल्या, आणि त्याच वेळी गोजरबाईचा चेहरा उजळला.

"ह्येच," गोजरबाई म्हणाली.

"ह्येच," महिपतीही म्हणाला.

गुरुलिंग हसला. "नवराबायकूचं असं एकमत माज्या दुकानात पयल्यांदाच झालं. पर ह्ये मोठे हायत. फळी कापावी लागंल."

ती फळी महिपतीने स्वतः घासूनपुसून, नवं रेक्झिन लावून घेतली होती.

"कापा," तो म्हणाला.

काम दुपारभर चाललं. महिपती बाजूला उभा राहून प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते बघत होता, विचारत होता, नीट न कळलं तर पुन्हा विचारत होता. सगळं जोडून झाल्यावर गुरुलिंगने इंजिन चालू करायला लावलं आणि मान तिरकी करून म्हणाला, "टेपमधी इंजिनाची किरकिर येतीय."

महिपतीने बायकोकडे पाहिलं.

"व्हय की," ती म्हणाली. "किरकिर हाय."

गुरुलिंगने बॉनेट उघडून काहीतरी बसवलं. "गेली."

"गेली," गोजरबाई म्हणाली.

महिपतीला बरं वाटलं. हिला आणलं ते चांगलं झालं, असं त्याच्या मनात आलं.

गुरुवारी गोजरबाईही स्वामींच्या दर्शनाला म्हणून गाडीत पुढे बसली. अड्ड्यावर गाडी लागली, गाणं सुरू झालं आणि लगेच मागची सीट भरली. दुधनीकडची सिद्धम्मा नावाची म्हातारी, तिची सून आणि मुलगा. म्हातारी चढता चढताच म्हणाली, "यप्पा, ह्यात गाणं हाय!"

शहर मागे पडलं. दोन्हीकडे ज्वारी उभी होती. महिपतीला ढोलकी मधूनमधून कळत होती, मधूनमधून ती इंजिनात मिसळून जात होती. गाणं नीट चाललंय की नाही, हे तो बायकोच्या मानेवरून ओळखत होता. तिची मान बारीक तालात हलत होती. तशी तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. मागे सून आणि मुलगा ओरडून काहीतरी बोलत होते. आज सगळं ठरवल्यासारखं झालं होतं.

वळसंग मागे टाकून बराच वेळ झाला होता. त्याच्या खांद्यावर कुणीतरी थापटलं. त्याने आरशात पाहिलं. सिद्धम्मा पुढे वाकली होती.

"दुसरं गाणं लाव की, यप्पा," ती एकेक शब्द तोडून म्हणाली. "ह्ये कवाच संपलं. वळसंगच्या आदी."

महिपतीने डॅशबोर्डाकडे बघितलं. कॅसेट अर्धी बाहेर आलेली होती. मग त्याने बायकोकडे बघितलं. गोजरबाई त्याच्या बोटांकडे बघत होती, आणि तिची मान अजून तालात हलत होती.

त्याची बोटं थांबली. तिची मानही थांबली.

गाडी आपल्या वेगाने चालत राहिली. महिपतीने कॅसेट उलटी करून आत ढकलली आणि समोर रस्त्याकडे बघत राहिला. गोजरबाई त्याच गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती, त्याच्याही आधीपासून. लग्न ठरलं तेच गिरणीच्या दारात. तिथली यंत्रंही काही मुकी नव्हती. ती मोठ्याने बोले ते आपल्यासाठी, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. हाकेला ओ न देता ती चुलीपुढे बसून राही, तेव्हा रुसली असेल असं समजून तो घराबाहेर निघून गेला होता. कितीतरी वेळा.

अक्कलकोटला उतारू उतरले. दोघांनी दर्शन घेतलं, वडाच्या सावलीत शिदोरी सोडली. परतीचं भाडं मिळेना, तेव्हा महिपतीने रिकामी गाडीच काढली. गाव सुटल्यावर त्याने ती एका लिंबाखाली उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"गोजर," तो साध्या आवाजात म्हणाला.

ती खिडकीतून शेताकडे बघत होती. तिने ओ दिली नाही. त्याने तिच्या कोपराला हात लावला, तशी ती वळली.

"कवापासनं?" त्याने विचारलं.

तिने त्याच्या ओठांकडे बघितलं.

"तुमच्या आदीपासनं," ती म्हणाली.

"मग कंदी बोलली न्हाईस?"

"तुमाला येकाला झालंय तेवढं बास हाय, म्हन्लं." पदर सारखा करत ती म्हणाली, "आन् तुमी तरी कुटं बोल्ला?"

"मग दुकानात ह्येच म्हन्लीस, किरकिर हाय म्हन्लीस, त्ये कसं?"

"किरकिर त्यो दुकानदार बोल्ला म्हनून. आन् ह्येच म्हन्ले त्ये तुमचं तोंड बगून. तुमाला लई आवडल्यालं दिसलं."

"मी तुजं तोंड बगत हुतो की!"

गोजरबाईने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलू लागले, तेव्हा महिपतीला क्षणभर वाटलं, ही रडते. मग पदराआडून तिचे डोळे दिसले आणि त्यालाही हसू आवरेना. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो हसत राहिला. हसण्याच्या शेवटी त्याने डोळे पुसले.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. महिपतीने टेप लावला, आणि गोजरबाईने पुढे वाकून आवाजाची मोठी खुंटी हातात धरली.

"आलं?"

"ठोका येतुय. शबूद न्हाय."

तिने खुंटी आणखी फिरवली, डोकं स्पीकरच्या बाजूला कलतं केलं, आणि अजून फिरवली.

"आता?"

"आनखी."

मागच्या काचा थरथरू लागल्या. मग एकाएकी, धुक्यातून माणूस जवळ यावा तसे शब्द आले. बाई आपल्या माहेरच्या विहिरीबद्दल गात होती. महिपतीने पाय हलकेच वर घेतला, गाडी सावकाश केली. गोजरबाईचा हात खुंटीवर तसाच होता, आणि तिचे ओठ ऐकलेल्या शब्दांमागोमाग हलत होते.

दूर ज्वारीत काम करणाऱ्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या. बांधावर बैल घेऊन निघालेल्या एका माणसाने कासरा सोडून दोन्ही कानांवर घट्ट हात दाबले आणि तोंड उघडून काहीतरी ओरडला. महिपतीने खिडकीतून हात काढून त्याला रामराम केला, आणि गाडी तशीच पुढे नेली.