पंच्याखालचं वनस्नान

नानासाहेबांचा हिशोब सरळ होता. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे अडुसष्टवरून एकशे चाळीसच्या आत आणायचा, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस अंकांवर पाणी सोडायचं, आणि त्या बदल्यात अख्खं गाव पदरात पाडून घ्यायचं. गावात काय होतं? वैजापूरच्या पुढं रस्त्याला लागून अकरा एकर, त्यात यंदा गहू आणि हरभरा, बांधावर चिंचेची दोन झाडं, विहिरीजवळ टाकलेली बाज, आणि येताजाता "नानासाहेब, बाजार काय म्हणतो?" असं विचारणारी माणसं. शहरात, सुनेच्या उस्मानपुऱ्यातल्या तिसऱ्या मजल्यावर त्यांना बाजाराचं कुणी विचारत नव्हतं. लिफ्ट चालू आहे का, एवढंच विचारत. नको असलेला माल द्यायचा आणि हवा तो घ्यायचा, असा सौदा नानासाहेबांनी चाळीस वर्षांच्या आडतीत पाहिला नव्हता.

सौद्याची अट मात्र सुनेनं घातली होती. दिवाळीच्या आधी नानासाहेब विहिरीवरची मोटार चालू करायला गेले आणि चक्कर येऊन तिथंच बसले. बसले, पडले नाहीत, हा मुद्दा ते अजूनही लावून धरत. पण अपेक्षानं त्याच दिवशी सासू-सासऱ्यांना गाडीत घातलं आणि शहरात आणलं. ती बँकेत कर्जाच्या टेबलावर बसायची. समोरचा माणूस कितीही गोड बोलला तरी कागद पुरे झाल्याशिवाय तिची सही होत नसे, आणि घरीही तिचा कायदा तोच होता. गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झालं, आकडा मात्र हलेना.

"नाना, चार रविवार वनस्नान करायचं," एक दिवस तिनं सांगितलं. "चौथ्या रविवारी सगळं आटोपलं की मशीन लावू. एकशे चाळीसच्या आत आलात तर मी स्वतः तुम्हाला गावी सोडून येईन."

"वनस्नान म्हंजी?"

"जपानमध्ये करतात. सकाळी साडेसहाला, हर्सूलला."

नाव स्नानाचं, म्हणून नानासाहेबांच्या बायकोनं, आवडाबाईंनी, पिशवी भरली. धुतलेला पंचा, बदलायची बंडी, साबणाची डबी, आणि थंडीचे दिवस म्हणून खोबरेलाची बाटली. ओले कपडे धरायला कुणीतरी हवं, म्हणून त्या स्वतःही निघाल्या.

हर्सूलच्या तलावामागच्या झाडीत दहा-बारा माणसं ट्रॅकपँट घालून उभी होती. त्यांत नानासाहेब खांद्यावर पंचा टाकून गेले आणि इकडंतिकडं बघून म्हणाले, "पाणी कुठं तापवलंय?"

वर्ग घेणारी मोनिका हसली नाही, याचं श्रेय तिला दिलं पाहिजे. आठ आठवडे संगणकासमोर बसून ती हे शास्त्र शिकली होती, आणि तिच्या प्रमाणपत्रावर देवदाराचं चित्र होतं. तिच्यासमोरच्या झाडीत मात्र देवदार नव्हता. सुबाभूळ होती, करंज होता, चार कडुनिंब होते आणि एक वेडी बाभूळ होती, जिला मिठी मारायची नाही असं मोनिका सुरुवातीलाच बजावून सांगायची.

"काका, इथे पाण्याची आंघोळ नसते. झाडांच्या हवेत न्हायचं. डोळ्यांनी, कानांनी, नाकानं. दोन तास, हळूहळू, आणि अजिबात न बोलता."

"मंग साबण ठेवून देऊ?" आवडाबाईंनी विचारलं आणि त्या दगडावर जाऊन बसल्या.

न बोलण्याची अट नानासाहेबांना जड गेली. धान्याच्या मोंढ्यात त्यांनी लिलाव पुकारला की एसटी स्टँडवरचे प्रवासी वळून बघायचे. तो आवाज दोन तास छातीत कोंडून ते एका कडुनिंबाला मिठी मारून उभे राहिले. मोनिकानं झाडाचं मन ऐकायला सांगितलं होतं. नानासाहेबांनी बुंध्याला हात पुरतात का ते बघितलं, खोडाच्या चौकटी किती निघतील याचा अंदाज केला, दोन निघाल्या, आणि मग करायला काही उरलं नाही. समोर एक माणूस डोळे मिटून पानाचा वास घेत होता. ते पान रुईचं होतं. चीक डोळ्यात जाईल हे सांगायचं नानासाहेबांच्या ओठावर आलं, आणि ओठावरच राहिलं.

शेवटी अपेक्षानं गाडीतून मशीन आणून दंडाला पट्टा बांधला. एकशे बहात्तर.

"झाडाला मिठी मारून चार अंक वाढवणारे तुम्हीच," ती म्हणाली.

"त्याला बोलायचंच व्हतं कवाचं," आवडाबाई म्हणाल्या, आणि 'त्याला' म्हणजे आवाजाला की झाडाला, हे त्यांनी उघड केलं नाही.

दुसऱ्या रविवारी एक नवा म्हातारा आला. पांढरी टोपी, हातात काठी, तोंडावर झोप न झाल्याची कळा. नानासाहेबांना बघून तो थबकला.

"जय भीम, नानासाहेब. वळखलं का?"

"जय भीम. कडुबाभाऊ? लासूरच्या बैलबाजारातले?"

"व्हय. आता हर्सूलला पोराकडं असतो. झोप येत नाय म्हून त्यानं इथं घातलं. तुमचं काय दुखतंय?"

"आकडा," नानासाहेब म्हणाले. तेवढ्यात मोनिकानं ओठांवर बोट ठेवलं.

कडुबांनी तीस वर्षं बैलांची दलाली केली होती. नानासाहेबांनी बैलजोडी घेतली किंवा विकली ती त्यांच्याच मध्यस्थीनं. त्या दिवशी मोनिकानं नवा पाठ काढला. जोडी करा, झाडाखाली बसा, एकमेकांचा हात हातात घ्या, डोळे मिटा, वीस मिनिटं स्पर्श ऐका. दोघा म्हाताऱ्यांची आपोआप जोडी झाली. गारवा होता, म्हणून नानासाहेबांनी दोघांच्या हातांवर पंचा टाकला. बाकी त्यांच्या मनात काही नव्हतं.

पण पंच्याखाली गेलेला हात स्वस्थ कसा बसणार? बैलबाजारातला जुना रिवाज असा, की मालाचं नाव तोंडानं घ्यायचं आणि भाव कापडाखाली बोटांनी करायचा. एक बोट दाबलं की एक, पंजा दाबला की पाच. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहायचा. याला हत्ता म्हणत. कडुबांचा अंगठा सवयीनं हलला. नानासाहेबांनी एक डोळा उघडला.

"देवणी," कडुबा ओठ न हलवता पुटपुटले. "चार दाती. पांढरा."

बैल नव्हताच. पण नानासाहेबांनी तो डोळे मिटून नीट बघितला आणि दोन बोटं दाबली. कडुबांनी हात झटकला, म्हणजे थट्टा करता काय. नानासाहेबांनी अजून एक बोट दिलं. कडुबांनी बैलाची शिंगं, खूर, चाल, सगळं एका पंजात घातलं. वीस मिनिटं दोघांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. शेवटी कडुबांनी तळहात तळहातावर ठेवून दाबला. सौदा पक्का. नानासाहेबांना वाटलं, गाव सुटल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला बाजार विचारला.

आकडा एकशे शेहेचाळीस निघाला.

मोनिकाचे डोळे भरून आले. "बघितलं?" ती बाकीच्यांना म्हणाली. "किती खोल गेले होते काका."

"लई खोल," कडुबा म्हणाले. तिसऱ्या रविवारी त्यांनी तोच बैल पुन्हा विकायला काढला, या खेपेला एक शिंग जरा वाकडं करून, आणि आकडा एकशे एक्केचाळीसवर आला. मोनिकानं सगळ्यांना सांगितलं, पुढच्या वेळी घरून एकेक पंचा आणा. जपानी पाठात पंचा नव्हता, पण शास्त्र वाढतंच असतं.

चौथ्या रविवारी नानासाहेब पाचलाच उठले. घरून निघताना अपेक्षानं आकडा बघितला होता, एकशे बेचाळीस. दोन-तीन अंकांचा प्रश्न होता. एक देवणी बैल त्याला पुरेसा झाला असता. त्यांनी आवडाबाईंना सांगून टाकलं, "पिशव्या भरून ठेव. उद्या सकाळी निघू. कायमचं."

आवडाबाईंनी फक्त पंच्याची घडी घातली.

झाडीत पोचल्यावर कळलं, कडुबा येणार नाहीत. पोराचा निरोप होता, दोन रविवारपासून अशी झोप लागतीये की आज अजून उठलेच नाहीत. म्हणजे देवणी बैलही येणार नव्हता. मोनिकानं जोड्या लावायला सुरुवात केली, आणि दगडावर बसलेल्या आवडाबाई उठून आल्या. नानासाहेबांच्या समोर मांडी घातली, पंचा दोघांच्या हातांवर नीट पसरला, आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"गाव. म्हयन्यातले दिस."

नानासाहेबांनी डोळे उघडले. आवडाबाईंचे मिटलेले होते. मालाचं नाव झालं होतं. आता बोटं. त्यांनी गोंधळूनच सहा पंजे दाबले. तीस.

आवडाबाईंनी एक पंजा दाबला.

पाच? नानासाहेबांनी पुन्हा सहा दाबले. पुन्हा पाच आला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की ही चुकत नाही. ही भाव करतीये. हिला गावाला जायचं नाही.

ही गोष्ट लग्नाच्या चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी विचारली नव्हती. गावात पहाटे पाचला चूल, पाणी, दहा माणसांच्या भाकरी, गडी, पाव्हणे, आणि ओट्यावर सौदे करत बसलेल्यांना दर तासाला चहा. उस्मानपुऱ्यात मात्र गेले तीन महिने अपेक्षा सकाळी निघताना सासूच्या हातात चहाचा कप देऊन जायची, आणि चार वाजता खालच्या मजल्यावरच्या सारजाबाई हाक मारायच्या. दोघी बागेत जायच्या. तिथं काय करायच्या? बसायच्या. नानासाहेबांनी हे सगळं बघितलं होतं, पण वहीत कधी धरलं नव्हतं.

त्यांनी पाच पंजे दिले. पंचवीस. आवडाबाईंनी पाचावर एक बोट चढवलं. सहा. नानासाहेबांच्या कानशिलात धडधड सुरू झाली. तेवढ्यात त्यांना जाणवलं, की बाईंचा अंगठा त्यांच्या मनगटावर आहे, बरोबर नाडीवर, आणि तो तिथून हलत नाही. म्हणजे तिला कळत होतं. जितका वेळ ते ताणतील तितकी नाडी चढणार, नाडीबरोबर आकडा चढणार, आणि एकशे चाळीसच्या वर गेलं की तीस नाही, पाच नाही, एकही दिवस नाही. असा गळा कुठल्या व्यापाऱ्यानं त्यांचा धरला नव्हता.

वीस दिले. सात आले. पंधरा दिले. अंगठा जरासा दाबला गेला, सांभाळा म्हटल्यासारखा. मग दोन पंजे आणि दोन बोटं आली. बारा.

नानासाहेबांनी मोठा श्वास सोडला आणि तळहात ठेवला. सौदा पक्का. पण बाईंनी हात काढला नाही. करंगळी दोनदा दाबली. करंगळी म्हणजे दलाली. ती काय, हे त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं.

"तिथं सकाळचा चहा तुम्ही करायचा. मी उठायच्या आदी."

मोनिका शेजारून चालली होती. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. नानासाहेब उरलेली दहा मिनिटं खरोखरच गप्प बसले. कडुनिंबाची वाळकी पानं पडत होती, तलावावरून गार वारा येत होता, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. वनस्नान म्हणतात ते बहुधा हेच, पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

अपेक्षानं पट्टा बांधला. एकशे अडतीस.

"जिंकलात, नाना. कधी सोडू गावी?"

"पयल्या तारखेला," नानासाहेब म्हणाले. "बारा दिसांसाठी. तेराव्याला न्यायला ये."

"बाराच? कायमचं ठरलं होतं ना?"

"एवढा मोठा माल एकदम कोण उचलतं?" नानासाहेब म्हणाले आणि पंचा झटकायला लागले.

परत येताना गाडीत त्यांनी हळूच विचारलं, "तुला हत्ता कुणी शिकवला?"

"शिकवायला कशाला लागतंय? चव्वेचाळीस वरसं पंचा मीच धुतला. किती पातळ झालाय, मला म्हाईत नाय व्हय? चहा घेऊन यायचे तवा वरून सगळी बोटं दिसायची." आवडाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. "धाकल्या बैलजोडीला तुम्ही दोन बोटं जास्ती मोजली व्हती. मी तवाच म्हणणार व्हते."

"मंग म्हणली का नाय?"

"कुणी विचारलं?"

पुढं अपेक्षा गाडी चालवत होती. आरशात तिचे डोळे हसत होते.

आता जमाखर्च. कडुबांनी एकच बैल दोनदा विकला आणि झोप कमावली. त्यांना तोटा काहीच नाही. मोनिकाच्या पाठात पंचा कायमचा शिरला, आणि त्याचं श्रेय तिनं झाडांना दिलं. नानासाहेबांनी गावातले अठरा दिवस सोडले, आवडाबाईंनी उस्मानपुऱ्यातले बारा. पहिल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे साडेपाचला, नानासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा चूल पेटवली. धुरानं पाणावलेले डोळे पुसत पुसत दोन कप आणले आणि विहिरीजवळच्या बाजेवर ठेवले. साखर टाकायची राहिली होती. आवडाबाईंनी एक घोट घेतला, नवऱ्याकडं बघितलं, आणि कप शेवटपर्यंत रिकामा केला. म्हणजे त्या सकाळचा भरणा दोघांनी मिळून केला, नानासाहेबांनी धुराचा, आवडाबाईंनी बिनसाखरेच्या चहाचा.