दोन सूत लांब पाय

मित्रांनो, मी एक जुना बेंच आहे आणि न्याय माझ्या चार पायांवर उभा आहे. निदान मला या इमारतीत आणलं तेव्हा माझा तसा समज झाला. पहिल्याच दिवशी जो तो म्हणत होता, 'बेंचने ऐकून घेतलं', 'बेंच आज चिडलाय', 'बेंचसमोर हात खिशात घालू नका'. माझी छाती फुगली. जेवणाच्या सुट्टीत कळलं की तो बेंच म्हणजे आत पंख्याखाली बसणारे दोन न्यायाधीश. मी बाहेर व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीशेजारी.

माझा जन्म एका सुताराच्या हातचा. माणूस तोंडाने फाटका, पण रंध्याला पक्का. माझे तीन पाय त्याने सारखे कापले आणि चौथा दोन सूत लांब ठेवला. दोन सूत म्हणजे पाव इंच. शाळेच्या हेडमास्तरांनी विचारलं, "हा काय लंगडा बेंच देताय का?"

"जमीन कुठे सरळ असते, सर? जागेवर ठेवा, मला बोलवा. तिथली जमीन बघून पाय तासून देतो. पाच मिनिटांचं काम."

"पुढच्या आठवड्यात बोलावतो," हेडमास्तर म्हणाले.

तो आठवडा अजून उजाडायचा आहे.

शाळेत मी शेवटच्या रांगेत डुगडुगत उभा होतो. ज्याला गणित येत नसे त्याला माझ्यावर उभं करत, म्हणजे वर्गातला सर्वांत उंच मुलगा नेहमी सर्वांत ढ असे. पुढे मला खेळाच्या मैदानावर नेलं. तिथे ज्याला खेळवायचं नाही त्याला माझ्यावर बसवत. शाळेत बेंचवर उभं राहणं ही शिक्षा, मैदानात बेंचवर बसणं ही शिक्षा, आणि इथे आतल्या बेंचवर बसलेल्याला लोक वाकून नमस्कार करतात. माणसांना एकच शब्द सापडला की ते तो कुठेही टाकून मोकळे होतात. असो. मैदानातल्या मातीत माझा लांब पाय रुतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी सरळ उभा राहिलो. तेवढीच काय ती माझी सुखाची वर्षं.

मग हा व्हरांडा. फरशी गुळगुळीत, मी पुन्हा डुगडुगता.

एका सकाळी एक बाई सहा वर्षांच्या भाचीला घेऊन माझ्यावर बसली. मुलीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिची आई वारली होती, बाप कधीचा परागंदा, आणि मुलगी मुलींच्या वसतिगृहात. मावशीला तिला घरी न्यायचं होतं. त्यासाठी आईने मरण्यापूर्वी स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र होतं, निळ्या पाकिटात. 'माझी मुलगी माझ्या बहिणीकडे राहावी.' मावशीने ते कारकुनाच्या हातात दिलं. कारकुनाला सगळे 'तारीखभाऊ' म्हणत. आत टेबलावर जागा नव्हती, म्हणून त्याने आपले कागद माझ्यावर पसरले आणि शेजारी चहा ठेवला. तेवढ्यात मावशी उठली, मी कललो, चहा सांडला.

"ह्या बेंचच्या पायाखाली काहीतरी घाल रे," तो शिपायावर खेकसला.

शिपायाने हाताला लागलं ते उचललं, चार घड्या घातल्या आणि माझ्या एका आखूड पायाखाली सरकवलं. बरोबर दोन सूत.

"अगदी मापाचं बसलं," तो म्हणाला. त्याला त्याचा अभिमान वाटत होता.

निळं पाकीट होतं ते.

पुढच्या तारखेला आतून निरोप आला, मूळ पत्र दाखल करा. मावशी कारकुनाकडे गेली.

"भाऊ, पत्र तुमच्याच हातात दिलं होतं. इथेच, ह्या बेंचवर."

"मावशी, माझ्या हातात रोज दोनशे कागद येतात. बेंचवर दिलं म्हणता ना? मग बेंचला विचारा."

विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी ओरडत होतो, मित्रांनो. पण लाकूड ओरडलं की लोक म्हणतात, वाळवी लागली.

तारखा पडत गेल्या. मावशी दर वर्षी एक फ्रॉक शिवून आणायची. वसतिगृहाच्या बाई मुलीला घेऊन यायच्या. मावशी फ्रॉक अंगाला लावून बघायची आणि पुढच्या वर्षासाठी वितीने माप घ्यायची. आधी मुलीचे अंगठे जमिनीला टेकले, मग टाचा.

नवव्या वर्षी तिची पेन्सिल घरंगळत माझ्याखाली गेली. ती वाकली.

"मावशी, इथे पायाखाली निळा कागद आहे."

मी श्वास रोखला.

"असू दे. सरकारी असेल. हात लावू नकोस, आधीच आपलं काम अडलंय."

त्या बाईचा मला राग येत नाही. राग येतो तो तिला इतकं घाबरायला ज्यांनी शिकवलं त्यांचा. स्वतःच्या बहिणीच्या अक्षरावर भार टाकून ती वर्षानुवर्षं बसली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, "एक कागद सापडत नाहीये, बाकी काही अडचण नाही."

बारा वर्षांनी मावशी आधीच येऊन बसली होती, मुलगी वसतिगृहाच्या बाईंशिवाय एकटीच आली. मावशीपेक्षा वीतभर उंच. तारीखभाऊने बाहेर येऊन वाचलं, "मुलगी सज्ञान झाल्यामुळे अर्जाचं कारण उरलं नाही. प्रकरण निकाली."

"म्हणजे आपण जिंकलो का?" मावशीने विचारलं.

"म्हणजे आता तारीख नाही."

मुलीला दुसऱ्या गावी दवाखान्यात काम मिळालं होतं, दुपारी रुजू व्हायचं होतं. मावशीच्या पिशवीत या वर्षीचा कुर्ता होता. बाह्या आखूड झाल्या होत्या. मुलगी म्हणाली, "चालेल, दुमडून घालीन." दोघी दारापर्यंत एकत्र गेल्या. बसथांबे वेगवेगळे होते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, पाच मिनिटांचं काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका. पाय तासून घ्या. आणि तुमच्या खाली काय दबलंय ते वाकून बघा. सरकारी असलं तरी बघा.

गेल्या महिन्यात व्हरांड्याला रंग दिला. मला उचललं तेव्हा नव्या शिपायाला ते पाकीट सापडलं. त्याने उघडून वाचलं आणि कारकुनाला नेऊन दाखवलं.

"कुठली केस? ती तर निकाली निघाली," तारीखभाऊ म्हणाला आणि चहाचा कप माझ्यावर ठेवला. कप हलला.

शिपायाने पाकिटाच्या जुन्या घड्यांवरच पुन्हा घड्या घातल्या आणि ते माझ्या पायाखाली सरकवलं. आता मी हलत नाही.