बाबांनी सांगितलेलं गाव

आमचे हे टुरिस्ट बस चालवतात. चौदा वर्षं झाली, आठवड्यातून एकदा तरी चाळीस-पंचेचाळीस पाहुण्यांना घेऊन तळ्याकाठच्या त्या गावाला जातात आणि त्याच रात्री परत आणून सोडतात. तिथून पोरांसाठी खेळणीबिळणी आणणं कधी जमलं नाही. तिथल्या दुकानांचे भाव ऐकूनच माणूस मागे सरतो. हे आणायचे त्या गोष्टी.

तळ्याच्या तळाशी एक घंटा आहे, वारा पडला की ती ऐकू येते. एक जिना आहे, चढताना त्याच्या पायऱ्या शंभर भरतात आणि उतरताना नव्व्याण्णव. एक निळ्या दाराचं घर आहे, तिथला पोपट येणाऱ्या-जाणाऱ्याला लहानपणीच्या लाडक्या नावाने हाक मारतो. जेवताना हे सांगायला लागले की पोरांचे घास हातातच राहायचे.

पोरं दोन. थोरली बारा वर्षांची. सगळ्यांना शिस्त लावते म्हणून आम्ही तिला मास्तरीणबाई म्हणतो. धाकटा सात वर्षांचा. ताई जाईल तिथे हा मागे, म्हणून त्याचं नाव शेपूट. मी तयार कपड्यांच्या दुकानात पँटच्या लांब्या कमी करते, चेन बदलते. यंदा सीझन संपल्यावर यांना मालकाने सलग तीन दिवस सुट्टी दिली, माझेही थोडे ओव्हरटाइमचे पैसे साठले होते. मी म्हटलं, "चला, एकदा जाऊनच येऊ तुमच्या त्या गावाला."

पोरं नाचायलाच लागली. यांचा चेहरा मात्र पडला. मला वाटलं, खर्चाची काळजी.

खरं काय ते जाताना साध्या बसमध्ये कळलं. पोरं पुढच्या सीटवर होती. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "एक सांगू? मी ते गाव बघितलेलंच नाही."

"म्हणजे?"

"पाहुणे उतरले की गाइड त्यांना घेऊन जातो. सगळ्यांचं सामान गाडीत. मी गाडी सोडून जाणार कुठे? पार्किंगमध्येच असतो. काच पुसतो, टायर बघतो, डुलकी काढतो. समोर एक भिंत आहे आणि दिव्याचा खांब."

"आणि घंटा? पोपट?"

"पोरं विचारायची ना, बाबा, काय काय बघितलंत? भिंत बघितली म्हणून सांगू?"

मला हसू आलं, पण यांच्याकडे बघून ते गिळलं. चौदा वर्षं घाटात गाडी चालवणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण पुढच्या सीटवर मास्तरीणबाईंनी वही उघडली होती, आणि बाबांनी सांगितलेल्या एकेका जागेची यादी शेपटाला वाचून दाखवणं चाललं होतं.

खोली आम्ही मागच्या गल्लीत घेतली, एका लाँड्रीच्या वर. हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत. मशीन सुरू झालं की पायाखालची फरशी थरथरायची, म्हणून भाडं कमी. शेपूट पलंगावरून उतरला आणि ओरडला, "आई, इथली जमीन चालते!" त्याला ती खोली राजवाड्यासारखी वाटली. ब्रेड, उकडलेली अंडी आणि केळी मी घरूनच बांधून आणली होती. चहापुरतं पाणी लाँड्रीवालीने हसत हसत गरम करून दिलं.

बोटीच्या तिकिटांचा फलक आम्ही वाचला. चौघांच्या एका फेरीत आमचं दोन दिवसांचं जेवण गेलं असतं. मी पोरांकडे बघायचं टाळलं. मास्तरीणबाई म्हणाली, "बोट आपल्या यादीत नाहीच मुळी," आणि पुढे चालायला लागली.

जिना सापडला. टेकडीवर जाणारा, जुन्या दगडांचा. हे आपले गुन्हेगारासारखे सगळ्यांच्या मागे. चढायच्या आधी मास्तरीणबाईने नियम सांगितले, "जिथे दोन्ही पाय टेकतात ती पायरी. बसायचे कट्टे मोजायचे नाहीत. तुटलेली दिसली तर मी सांगेन धरायची की नाही ते." तिच्या हिशेबाने वर पोचेपर्यंत बरोब्बर शंभर झाल्या. उतरताना तिने शेपटाचा हात धरला आणि शेवटच्या दोन पायऱ्या एका उडीत संपवल्या.

"नव्व्याण्णव!" शेपूट किंचाळला. "बाबा, खरंच झाल्या!"

मी मात्र पोरीकडे बघत होते. तिने हळूच एकदा बापाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. हिला सगळं माहीत होतं.

दुपारी वारा पडला, तेव्हा तिने आम्हाला धक्क्यावर पालथं झोपायला लावलं, कान दगडाला लावून. रिकाम्या बोटी साखळ्यांनी बांधलेल्या होत्या. पाणी हललं की कुठेतरी खाली साखळी लोखंडी कडीवर आपटायची. टण्ण. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टण्ण. शेपूट श्वास रोखून पडला होता. बोटीतून उतरलेली दोन पोरं आइस्क्रीम हातात धरून आली आणि त्याच्या शेजारी आडवी झाली. त्यांचे वडील, चांगले बुटाबिटातले, मला विचारायला लागले, "याचं तिकीट कुठे मिळतं हो?"

"तिकीट नाही," मी म्हटलं. "माझ्या मुलीला विचारा. तिचं आहे सगळं."

हे बोलताना माझी मान आपोआप ताठ झाली.

निळं दार मात्र मिळेना. हिरवी होती, तपकिरी होती, एक पिवळंही होतं. तासभर गल्ल्या पालथ्या घातल्यावर शेपटाचे पाय दुखायला लागले आणि तो रस्त्यातच बसून रडायला लागला. "बाबा, तुम्हीच सांगा ना कुठे आहे! तुम्ही तर बघितलंय!"

मास्तरीणबाई घाईघाईने म्हणाली, "अरे, रंग बदलला असेल. लोक दरवर्षी रंग..."

"थांब, बाळा," हे म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शेपटासमोर उकिडवे बसले. "मी नाही बघितलं. पोपट नाही, घंटा नाही, काहीच नाही. चल, मी काय बघितलंय ते दाखवतो."

त्यांनी शेपटाला खांद्यावर घेतलं आणि आम्हाला पार्किंगमध्ये आणलं. पाच-सहा बसेस उभ्या होत्या. समोर ती भिंत, पोपडे आलेली. दिव्याचा खांब. दोन छपरांच्या फटीतून तळ्याची हातभर पट्टी. यांनी सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही.

शेपूट खांद्यावरून उतरला आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा भोकाड पसरणार.

"म्हणजे त्या सगळ्या गोष्टी इथे झाल्या?"

"हो."

"फक्त ही भिंत बघून?"

"हो रे."

त्याचे डोळे एवढे मोठे झाले. बसच्या सावलीत चार-पाच ड्रायव्हर गप्पा मारत बसले होते, त्यांच्याकडे धावत जाऊन तो ओरडला, "माझ्या बाबांनी इथे बसून अख्खं गाव बनवलंय! डोक्यातून!"

ड्रायव्हर मंडळी हसली. त्यातले एक म्हातारे, यांच्या ओळखीचे, कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "आणि आमच्यासमोर तोंडातून शब्द काढत नाही हा माणूस! बसा इथे. सांगा बघू एखादी."

"बनवा ना बाबा," शेपूट म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. मला बघायचंय कशी बनते."

हे लाजले. भिंतीकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. मग घसा खाकरून हळूहळू सुरू झाले. या खांबावरचा दिवा म्हणे दिवसासुद्धा पेटतो, पण फक्त वाट चुकलेल्या ड्रायव्हरला दिसतो. एकाने तोंडाशी नेलेला चहाचा ग्लास तसाच धरला.

मी मास्तरीणबाईला जरा बाजूला घेतलं. "कधीपासून माहीत होतं गं तुला?"

"तिसरीपासून. शाळेत बाईंच्या पुस्तकात या गावाची माहिती होती. घंटा नव्हती त्यात."

"मग बाबांना विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर त्यांनी सांगणंच बंद केलं असतं ना," ती म्हणाली. मी एवढंही कळत नसल्यासारखी तिने माझ्याकडे पाहिलं.

चार वर्षं या पोरीने हे पोटात ठेवलं होतं. बापासाठी, भावासाठी. मी नुसता तिचा हात धरला.

तेवढ्यात एका बसचे पाहुणे परत आले. हातात पिशव्या, पाय थकलेले. त्यांचा गाइड घड्याळ दाखवत म्हाताऱ्या ड्रायव्हरवर डाफरला, "काका, निघायचं नाही का? सगळे थांबलेत!"

"थांबू दे की," म्हातारे म्हणाले. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "चार मिनिटांनी काही बिघडत नाही. गोष्ट ऐन रंगात आलीय."

आणि ते सगळे पाहुणे खरंच थांबले.